एक रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह, एक नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह: सुई टोचल्यानंतरचे सहा महिने

शेवटची चाचणी डिसेंबरात झाली, फाईल बंद झाली, म्हणून आता लिहायला बसले आहे. मधेच लिहिलं असतं तर कागदावर भीतीशिवाय दुसरं काही उतरलं नसतं.

मी नर्स आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, खाजगी हॉस्पिटलात. सुई टोचली तर काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण एकाच दिवशी काढलेल्या रक्ताचे एचआयव्हीचे दोन रिपोर्ट एकमेकांच्या उलट आले, तर कुणाकडे जायचं, काय विचारायचं आणि किती थांबायचं, हे कुणी शिकवत नाही. मी ते टेबलामागून टेबल फिरत शिकले. तुमच्या हातात असे दोन कागद असतील तर हे सावकाश वाचा.

१३ जून २०२४ ची पहाट, नाईट ड्युटी. एका पेशंटची चादर खराब झाली होती म्हणून मावशी आणि मी ती बदलत होतो. घडीत अडकलेली सुई ग्लोव्ह फाडून माझ्या तर्जनीत गेली. पोकळ सुई, आत वाळत आलेलं रक्त. सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, ती चादरीत कशी आली ते कधीच कळलं नाही. त्या बेडवर आदल्या दिवशी दोन पेशंट होऊन गेले होते. एकाने संमती देऊन तपासणी केली, तो निगेटिव्ह होता. दुसरा संध्याकाळीच डिस्चार्ज घेऊन गेला होता. म्हणजे सुई कुणाची, हा प्रश्न उघडाच राहिला.

बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतलं. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. हे घरी, शेतात, पार्लरमध्ये टोचलेल्या सुईलाही लागू आहे.

आरएमओ सरांना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं. हॉस्पिटलात पीईपीच्या गोळ्या नव्हत्या. पीईपी म्हणजे संपर्क झाल्यानंतर लागण होऊ नये म्हणून घ्यायचं औषध. जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरला जात नाही. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत पहिल्या गोळीसाठी थांबायचं नसतं. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. जिथे कामावर असा धोका असतो तिथे कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी देणं ही त्या कायद्याने संस्थेची जबाबदारी आहे. हे मला त्या पहाटे माहीत नव्हतं, नंतर कामाला आलं.

नवऱ्याला फोन केला. त्यांनी गाडी काढली आणि उजाडता उजाडता आम्ही जिल्ह्याच्या सिव्हिलला पोचलो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, किती वाजता टोचली आणि सुई पोकळ होती का. मग पहिली गोळी हातावर ठेवली. टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्रॅव्हिर एकाच गोळीत. रोज एक, २८ दिवस. पैसे नाहीत, केस पेपरलासुद्धा नाहीत. "सिस्टर, एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची काळजी जास्त करायची असते, लस झालीय ना?" लस झाली होती. तरीही हजारातले ते तीन डोक्यातून जाईनात.

सकाळी नऊला आयसीटीसी उघडलं. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असं दारावर लिहिलेलं असतं, लोक नुसतं आयसीटीसी म्हणतात. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं, संमतीची सही घेतली, रजिस्टरमधला नंबर दिला. पहिली चाचणी त्याच दिवशी झाली, लागणीची खूण दिसली नाही, म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. काही तासांपूर्वी टोचलेल्या सुईबद्दल हा रिपोर्ट काहीच सांगत नाही. तो फक्त सांगतो की सुई टोचायच्या आधी मला लागण नव्हती. पुढे कधी नोकरीचा किंवा भरपाईचा प्रश्न आला तर हाच कागद लागतो, म्हणून तो चुकवू नका. पुढच्या चाचण्या सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तोपर्यंत कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही.

गोळ्यांचा महिना मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा गेला. पहिला आठवडा मळमळ आणि रात्री विचित्र, जड झोप. मग मी गोळी रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लागले, डॉक्टरांना विचारून. अ‍ॅसिडिटीची काही औषधं, कॅल्शियम आणि लोह यांनी डोल्यूटेग्रॅव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही, त्यामुळे त्यांच्या वेळा विचारून घ्याव्या लागतात. आपल्याकडे बायकांच्या पर्समध्ये या तिन्हीपैकी एक तरी गोळी असतेच, म्हणून मुद्दाम लिहिते. सासूबाईंनी डबी पाहिली आणि विचारलं. मी सांगितलं, कामावर सुई लागली, इन्फेक्शन होऊ नये म्हणून औषध आहे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर "गोळी घेतलीस का गं" एवढं मात्र विचारत राहिल्या. आषाढीच्या आधी कोर्स संपला.

२५ जुलैला सहा आठवडे झाले. त्या दिवशी माझं रक्त दोनदा काढलं गेलं. सकाळी सिव्हिलच्या आयसीटीसीत, आणि दुपारी आमच्या हॉस्पिटलात, कारण अपघाताच्या नोंदीसाठी व्यवस्थापनाला त्यांच्या नेहमीच्या लॅबचा रिपोर्ट हवा होता. आयसीटीसीचा निकाल त्याच दिवशी हातात आला, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट जेवले.

शनिवारी दुसरा रिपोर्ट आला. एचआयव्ही १ व २, अँटिजेन-अँटिबॉडी, क्लिया पद्धत, म्हणजे मशीनवर केलेली चाचणी. रिअ‍ॅक्टिव्ह. आकडा १.६२, आणि कंसात १.०० च्या वर असल्यास रिअ‍ॅक्टिव्ह.

हा रिपोर्ट मला द्यायला हवा होता. तो हॉस्पिटलच्या ऑफिसच्या ईमेलवर आला, जो तीन-चार जण उघडतात. मला ड्युटीवरच्या एका मैत्रिणीने बाजूला घेऊन सांगितलं, आणि तिला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेलं होतं. त्या क्षणी आजारापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायला कायद्याने मनाई आहे. म्हणून कुठेही रक्त देताना रिपोर्ट कुणाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार ते आधी विचारा, स्वतःचा नंबर लिहून द्या, आणि ऑफिसमार्फत तपासणी असेल तर लिफाफा तुमच्याच हातात येईल असं लेखी मागा.

दुसऱ्या दिवशी रविवार, आयसीटीसी बंद. घरी कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. नवऱ्याला रिपोर्ट दाखवला, त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग सकाळचा रिपोर्ट खोटा का हा?" माझ्या डोक्यातही तेच होतं, दोन्हीपैकी एक खोटा. संध्याकाळी मी १०९७ ला फोन केला. हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाईनचा टोल-फ्री नंबर. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं नाही. त्यांनी सांगितलं, "एका चाचणीवरून निदान होत नाही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय कुणालाही एचआयव्ही आहे असं लिहून देत नाहीत. उद्या दोन्ही कागद घेऊन जा. तोवर कुणी काही म्हणालं तरी तुम्हाला निदान झालेलं नाही." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

सोमवारी, २९ जुलैला, समुपदेशक ताई मला थेट लॅब टेक्निशियनकडे घेऊन गेल्या. त्या माणसाने मला अर्धा तास दिला, आणि त्याने सांगितलेलं मी माझ्या भाषेत मांडते.

दोन्ही चाचण्या एकच गोष्ट शोधत नाहीत. आयसीटीसीतलं रॅपिड किट अँटिबॉडी शोधतं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रथिन. बाहेरच्या लॅबचं मशीन फोर्थ जनरेशनचं होतं. ते अँटिबॉडीबरोबर पी-२४ हा विषाणूचाच एक तुकडाही शोधतं. पी-२४ आधी दिसतो, अँटिबॉडी नंतर. शिरेतून काढलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या फोर्थ जनरेशन चाचणीत लागण साधारण १८ ते ४५ दिवसांत दिसते, फक्त अँटिबॉडीच्या चाचणीत २३ ते ९० दिवसांत. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी पीसीआर चाचणी त्याहून आधी, १० ते ३३ दिवसांत. शिवाय मी पीईपी घेतलेलं होतं, आणि त्यामुळे अँटिबॉडी उशिरा दिसू शकतात.

म्हणून माझ्या दोन कागदांचे दोन अर्थ निघत होते. एक, लागण अगदी ताजी आहे, मशीनने ती पकडली आणि किटला अजून दिसत नाही. दुसरा, मशीनने माझ्या रक्तातल्या भलत्याच कशाला तरी प्रतिसाद दिला. गरोदरपण, स्वतःच्याच शरीराविरुद्ध काम करणारे काही आजार, नुकतीच झालेली लस किंवा दुसरं इन्फेक्शन यांमुळे असं होऊ शकतं. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. २५ जुलैच्या कागदांवरून यातलं काय खरं, हे कुणीही सांगू शकलं नसतं. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं.

मग एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या केंद्रातल्या, डॉक्टरांनी हिशोब मांडला. "समजा हे मशीन लागण नसलेल्या १००० लोकांपैकी ९९८ जणांना बरोबर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह सांगतं आणि दोघांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह. आता तुमच्यासारख्या १००० नर्स घ्या. सुई कुणाची माहीत नाही, सुईने होणारी लागण मुळातच हजारात तीन, तीही पेशंटला एचआयव्ही असेल तर, आणि वर सगळ्यांनी २८ दिवस औषध घेतलंय. या हजारांत खरी लागण झालेली एकसुद्धा नसण्याची शक्यता जास्त. पण चुकीचे रिअ‍ॅक्टिव्ह दोन निघणारच." देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. त्यामुळे धोका कमी असलेल्या माणसांत पहिल्या रिअ‍ॅक्टिव्हमधले बरेच खोटे निघतात, आणि म्हणूनच तीन किटांचा नियम आहे. मशीन चांगलं असूनही असं होतं. चाचणी लागण असलेल्यांना किती नेमकं पकडते आणि नसलेल्यांना किती नेमकं सोडते, त्या मला नर्सिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीच्या व्याख्या पाठ होत्या. त्यांचा अर्थ त्या दिवशी लागला.

आकड्याबद्दलही विचारलं. १.६२ म्हणजे ठरवलेल्या सीमारेषेच्या जरा वर. लागण जुनी असेल तर हा आकडा सहसा खूपच मोठा असतो. पण अगदी सुरुवातीच्या लागणीतही तो लहान असू शकतो, म्हणून लहान आकडा पाहून सुटलो म्हणायचं नाही. तो वाढतो का, ते पाहायचं. तुमच्या रिपोर्टवर नुसतंच रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलं असेल तर लॅबकडून आकडा, सीमारेषा आणि चाचणीची पद्धत मागून घ्या. हा तुमचा रिपोर्ट आहे, त्यांनी द्यायला हवं.

ठरलं असं: आरएनए पीसीआर लगेच करायची, आणि १४ दिवसांनी दोन्ही चाचण्या पुन्हा. एका सहकाऱ्याने वेस्टर्न ब्लॉट ही अँटिबॉडीची जुनी चाचणी सुचवली होती. डॉक्टर नको म्हणाले, ती उशिरा पॉझिटिव्ह होते आणि पुष्कळदा धड इकडे ना तिकडे असा निकाल देते. तेव्हा तसा तिसरा कागद माझ्याच्याने झेपला नसता.

पीसीआर खाजगीत केली, साडेचार हजार रुपये लागले. मी ते हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून मागितले आणि ऑक्टोबरात मिळाले. नमुना मुंबईला जाणार होता, शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं. त्या आठवड्यात व्यवस्थापनाने मला इंजेक्शनच्या ड्युटीवरून काढून ओपीडीच्या रजिस्टरवर बसवलं. कारण कुणी सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की हिला कोणतंही निदान झालेलं नाही आणि कामावर कोणतंही बंधन नाही. सोबत मी व्यवस्थापनाला अर्ज दिला आणि त्यात एचआयव्ही कायद्याचं नाव लिहिलं, कारण एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला तो कायदा मनाई करतो, निदान झालेलं असलं तरी. दोन दिवसांत मी पुन्हा वॉर्डात होते. माझ्या कागदावर निदान नव्हतं म्हणून हे एवढ्यात मिटलं. ज्यांच्या कागदावर असतं त्यांना काय सोसावं लागत असेल, हे मला त्या रजिस्टरसमोर बसून कळलं, आणि त्या दिवसापासून वॉर्डातल्या प्रत्येक एचआयव्ही पेशंटची फाईल मी कपाटात ठेवते, बेडला टांगत नाही.

२ ऑगस्टला पीसीआर आली. टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे विषाणू सापडला नाही. नवऱ्याने मोठ्याने वाचलं आणि मी आधी काहीच बोलले नाही, कारण "संपलं" असं म्हणायला डॉक्टरांनी मनाई केली होती. पीईपी थांबून तीन आठवडे झाले असल्याने हा निकाल खूप भरवशाचा आहे, पण शेवटचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

८ ऑगस्टला दोन्ही चाचण्या पुन्हा, मुद्दाम त्याच ठिकाणी. आयसीटीसी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मशीन पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह, आकडा १.५८. हा आकडा पाहून मी परत घाबरले, आणि डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. खरी लागण असती तर दोन आठवड्यांत हा आकडा चढला असता, किटवर रेघ आली असती, पीसीआरमध्ये विषाणू दिसला असता. इथे आकडा होता तिथेच बसला होता आणि बाकी सगळं शांत होतं. एका दिवसाच्या दोन कागदांनी जे सुटलं नाही, ते पंधरवड्याच्या अंतराने सुटायला लागलं. तुम्हालाही कुणी "आज लगेच आणखी एका लॅबमध्ये करून बघ" म्हणेल. माझ्या एका चुलत दिराने पाच लॅबची नावं दिली होती. त्याच आठवड्यात पाच ठिकाणी रक्त दिलं तर पाच कागद होतात, उत्तर मिळत नाही. पैसे आणि जीव राखून ठेवावा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला जावं.

बारा आठवडे ५ सप्टेंबरला पूर्ण झाले, गणपतीच्या दोन दिवस आधी. आयसीटीसी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. या वेळी फोर्थ जनरेशन चाचणी दुसऱ्या कंपनीचं मशीन असलेल्या लॅबमध्ये केली, सातशे रुपये, आणि तिथे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आकडा ०.२१. डॉक्टरांनी सगळे कागद तारखेप्रमाणे ओळीने मांडले आणि सांगितलं, "तुम्हाला लागण झालेली नाही. तो आकडा खोटा रिअ‍ॅक्टिव्ह आहे." मी तिथेच रडले. ताईंनी पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेरच्या रांगेला थोडं थांबायला सांगितलं.

सहा महिन्यांची चाचणी नियमाप्रमाणे १३ डिसेंबरला झाली, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मनाची खात्री म्हणून मी पहिल्या मशीनवरही रक्त दिलं. तिथे अजूनही १.४ येतो. माझ्या रक्तातलं काहीतरी त्या एका कंपनीच्या किटला चिकटतं, आणि ते कायम राहू शकतं. तब्येतीला त्याचा काही अपाय नाही. पण व्यवहारात अडचणी आहेत. रक्तपेढीत अशाच पद्धतीच्या मशीनवर तपासणी होत असेल तर माझी पिशवी फेकून दिली जाईल आणि मला पुन्हा बोलावतील, म्हणून मी रक्तदान थांबवलं आहे. पुढे बाळंतपण असो वा ऑपरेशन, आधीच्या तपासण्यांत हा आकडा पुन्हा डोकं वर काढणार.

त्यासाठी डॉक्टरांकडून एक पत्र घेतलं आहे. त्यात सगळ्या चाचण्यांच्या तारखा, पद्धत, आकडे आणि शेवटचा निष्कर्ष आहे, खाली सही-शिक्का. असं पत्र मागायला संकोच करू नका, डॉक्टर देतात, आणि सहा महिन्यांनी तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. मूळ प्रत माझ्या कपाटात आहे, एक झेरॉक्स नवऱ्याच्या पाकिटात. हॉस्पिटलच्या फाईलला मी फक्त शेवटची निष्कर्षाची ओळ दिली, बाकीचं द्यायचं कारण नव्हतं. आणि इमर्जन्सी ट्रॉलीत आता टीएलडीची एक डबी असते. तिची एक्स्पायरी दर महिन्याच्या एक तारखेला मी बघते, मी रजेवर असले तर मावशी मला फोन करून वाचून दाखवतात.